आरेतला दुसरा चहा

"तुझी भिंत ठेवू की दुसऱ्या कोणाला देऊ?" शुभदाने फोनवर नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

आम्ही चार मैत्रिणी दर वर्षी मुलुंडला एक छोटा हॉल घेऊन जलरंगातल्या चित्रांचं प्रदर्शन भरवतो. प्रत्येकीला एक भिंत. गेल्या वर्षी माझी भिंत कोरीच राहिली, कारण सुधीर, माझा नवरा, गेला आणि नंतर मी ब्रशला हात लावला नाही.

"रविवारी सांगते," मी म्हटलं.

"नक्की ना? मागच्यासारखी गप्प बसू नकोस गं."

"नाही बसत," म्हटलं, आणि फोन ठेवून कागदांचं कपाट उघडलं.

आमचा हंगाम म्हणजे थंडी. मुंबईची थंडी ती काय, पंखा एकवर ठेवायचा आणि कुठे ठेवलीय ती शाल शोधत बसायचं! पण हवा कोरडी होते आणि रंग वेळेवर वाळतो, हे महत्त्वाचं. पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना बुरशी धरते आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाण्याचा हात फिरवला की ठिपके उमटतात. म्हणून आधी एकेक कागद ओला करून तपासायचा, वाईट असेल तो फेकायचा. मग दोन-तीन सकाळी बाहेर बसून छोटी अभ्यासचित्रं करायची आणि त्यांवरून घरी मोठी चित्रं. दर वर्षी हेच.

फक्त दर वर्षी आम्ही दोघं जायचो. मी चित्र काढायचे, सुधीर शेजारी घडीच्या स्टुलावर पेपर वाचायचा. चित्रातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण सगळ्यात अवघड काम तोच करायचा. जलरंगात एक हात जास्त पडला की झाला चिखल, आणि कुठे थांबायचं ते मला कधीच कळलेलं नाही. तो पेपरातून डोकं वर काढायचा, बघायचा आणि म्हणायचा, "पुरे झाला गो, हात काढ." त्याचा सगळा जन्म बोरिवलीत गेला, पण हे वाक्य मात्र मालवणीतच. मी चिडायचे. पण हात काढायचे.

तेव्हा भिंत घ्यायची की नाही, याचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून होतं. मला एकटीला थांबता येईल का?

पहिल्या दिवशी जोगेश्वरीची गुंफा. तुम्हाला जायचं असेल तर जोगेश्वरी पूर्वेला उतरून रिक्षा करा, रिक्षावाल्याला "गुंफा" एवढंच सांगा. सकाळीच जा. वर वस्ती, खाली जमिनीच्या पोटात लेणं, त्यात देवीचं देऊळ, आणि उजेड येतो तो पायऱ्यांवरून. डास भरपूर आणि वटवाघळांचा वास, त्याची तयारी ठेवा. खांबांवर उतरणारा तो उजेड कागदावर झकास पकडला होता मी. तेवढ्यात देवीच्या दर्शनाला आलेले एक काका मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, हा खांब जरा डार्क करा ना. आणि इथे एक दिवा दाखवा."

बघणारा प्रत्येक माणूस काहीतरी घालायलाच सांगतो. कधी दिवा, कधी पक्षी, कधी डोक्यावर हंडा घेतलेली बाई. एरवी अशांना सुधीर परस्पर गप्पांत ओढून न्यायचा. मी खांब गडद केला. मग शेजारचा फिका वाटायला लागला म्हणून तोही केला. मग पायऱ्या. वाट लागली! उजेडच गेला सगळा.

"चांगलं झालंय की," काका म्हणाले. "अजून थोडं करा."

"काका, करायला कागद उरलाय का आता?"

स्टेशनजवळ मिसळ खाल्ली. वेटरने समोरच्या खुर्चीकडे बोट करून विचारलं, "अजून कोणी येतंय का?" मी नाही म्हटलं, तसा तो खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला घेऊन गेला. मिसळ बरी होती, पण माझ्याने संपली नाही.

दुसऱ्या दिवशी आरे. गोरेगाव पूर्वेहून बस मिळते आणि चार वळणं गेली की झाडांत खरोखर गार लागतं, शाल इथे कामाला येते. लवकर पोचा, नंतर गाड्यांचा धूर सुरू होतो. रस्ता सोडून आत शिरू नका, बिबट्याचा इलाका आहे. तबेल्याच्या वळणावर एका बाईंची चहाची टपरी आहे. थंडीने हात आखडले होते, मी सवयीने म्हटलं, "दोन कटिंग."

बाईंनी दोन ग्लास ठेवले. "साहेब गाडी लावतायत का?"

माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. का, ते मला विचारू नका.

दोन्ही ग्लास घेऊन समोरच्या बुटक्या कठड्यावर बसले. रंगाचं पाणी मध्ये, माझा चहा डावीकडे, त्याचा उजवीकडे. धुकं, ओला रस्ता, धुक्यातून येणाऱ्या म्हशी. हात मोकळा चालला होता, कितीतरी महिन्यांनी. आता थांबावं, असंही एकदा वाटलं. पण म्हशींमागे एक गडद झाड हवं, असं मनाने घेतलं आणि आधी ती जागा ओली करायला न बघता ब्रश बुडवला, तो त्याच्या चहात.

कागदावर टेकल्यावर कळलं. धुक्यात मातकट दुधाळ डाग पसरत गेला. फडक्याने टिपायला गेले तर आणखी पसरला. साखरेचा चहा तो, नीट वाळणार नाही, चिकट राहणार, आणि त्यावर दुसरा रंग चढवला तर खालचाही उखडून येणार. काहीच करता येईना. हात काढावाच लागला.

आधी मला हसू आलं. मग रडू आलं ते थांबेचना.

टपरीवाल्या बाई ग्लास न्यायला आल्या. "साहेबांनी घेतलाच नाही? गार झाला की."

"ते नाहीत हो," मी म्हटलं. "वारले गेल्या वर्षी. मघाशी उगाच हो म्हणून गेले."

बाईंनी गार झालेला ग्लास उचलला. मग म्हणाल्या, "गरम आणू दुसरा?"

"एकच आणा."

रविवारी सकाळी बघते तर घरी टेबलावर त्या चित्राला मुंग्या लागलेल्या. डागाभोवती नुसती रांग! फुंकर मारून घालवल्या आणि नीट पाहिलं. डाग कुठला, ती तर उन्हात उडालेली धूळ दिसत होती. जोगेश्वरीचं मेलेलं चित्र शेजारी ठेवलं होतं, म्हणून हे आणखीच जिवंत वाटलं. पण दर वेळी ब्रश थोडाच चहात पडणार आहे?

मोठा कागद फळीवर ताणून बसवला आणि तेच चित्र सुरू केलं. धुकं, रस्ता, म्हशी. नेमकी त्याच जागी आले आणि हात पुन्हा त्या झाडासाठी शिवशिवायला लागला. मी स्टुलाकडे पाहिलं. घडी करून दारामागे उभं होतं. मीच मोठ्याने म्हणून बघितलं, "पुरे झाला गो." रिकाम्या घरात माझाच आवाज मला परका वाटला, आणि ब्रश काही हातातून सुटला नाही.

कागदासमोर बसून राहिले तर हात जाणारच, म्हणून मग ब्रश पाण्यात टाकला आणि उठून स्वयंपाकघरात गेले. एक कप पाणी मोजून घेतलं. एकच. आलं किसलं, चहा उकळला आणि ओट्याशी उभ्यानेच तळापर्यंत प्यायले. खूप एकटं वाटलं. तरी कप विसळूनच बाहेर आले.

कागद वाळला होता. म्हशींमागे झाड नव्हतं, नुसती मोकळी जागा होती आणि तिथूनच सगळा उजेड येत होता. आता त्यात घालण्यासारखं काही नव्हतं. कोणी मान वर करून बघितलं नाही, कोणी काही म्हणालंही नाही.

शुभदाला मेसेज केला, "भिंत ठेव."

आणि दुसरा कागद भिजवायला घेतला.