नऊ चौकांची गोधडी आणि हिराकाकी

हिराकाकी कापडांचं गाठोडं भर दिवसा कधीच सोडायची नाही. तिन्हीसांजा होत आल्या, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येईल पण त्याच्या सदऱ्याचा रंग सांगता येणार नाही, असा उजेड उरला की ती ओटीवर चटई टाकायची आणि तुकडे मांडायला बसायची. कुणी घाईनं बटणाकडे हात नेला की खेकसायची, "दिवा नको लावू गो, रंग जागं व्हतील!"

मी तेव्हा पेणला शाळेत शिकवायला होते आणि तिच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होते. काकी मूळची धरमतरच्या खाडीकडची, मिठागरावर राबलेल्या घरातली. नवरा गेल्यावर पेणला भावाजवळ येऊन राहिली आणि लोकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवू लागली. अंधारात रंग जुळवणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. असं का, हे विचारल्याशिवाय मला राहवेना. मी तीनदा विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. एकदा म्हणाली, "दिवसा माश्या लय." एकदा, "आमच्यात असंच असतं." तिसऱ्यांदा नुसतं, "मास्तरीण, तू पोरांना इचार प्रश्न."

त्याच वर्षी रोह्याला माझी आई गेली. तिनं लग्नानंतर शिवलेली एक गोधडी बाबा तीस वर्षं पांघरत होते. लाल पट्ट्यांच्या मध्ये पांढरे नऊ चौक, तीन ओळींत तीन-तीन. आता ती जागोजागी फाटली होती. मी म्हटलं, आईच्या साड्यांची नवी करते. बाबा एवढंच म्हणाले, "तिच्यासारखीच कर." आई गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट होती.

मी जुनी गोधडी आणि आईच्या साड्या पेणला आणल्या. चौक मोजले, मापं वहीत उतरवली. आईच्या साड्यांत लाल नव्हतं, पांढरं तर नव्हतंच. म्हणून लालाच्या जागी तिची सणाची गडद जांभळी घेतली आणि पांढऱ्याच्या जागी तिची आवडती गर्द हिरवी. दोन्ही साड्या कापल्या आणि सगळे तुकडे जुन्यासारखेच मांडले. बघते तर चौक दिसेचनात! जांभळं आणि हिरवं एकमेकांत गुडूप झालं होतं. मापात कुठे चूक नव्हती, आणि आईच्या दोन साड्यांची मात्र मी वाट लावून ठेवली होती. मला रडू फुटलं.

संध्याकाळी सगळं उचलून काकीकडे नेलं. तिनं तुकडे पसरले आणि डोळे बारीक केले. मग म्हणाली, "कुठं हाय चौक? मला तर एकच काळं घोंगडं दिसतं."

"काकी, लालाच्या जागी जांभळा घेतला आणि पांढऱ्याच्या जागी..."

"नावं नको सांगू. जांभळा नाय, हिरवा नाय. उजळ कंचा नि काळोखा कंचा, येवढंच सांग."

मीही डोळे बारीक केले. त्या उजेडात दोन्ही काळोखेच होते. काकीनं माझ्या गाठोड्यात हात घातला आणि मी बाजूला टाकलेली एक साडी ओढून काढली. आईची रोजची पिवळी, धुऊन धुऊन विटलेली, चुलीपुढची. पदर विरलेला, काठ फाटलेले. ती मधे टाकल्याबरोबर चटईवर उजेड पडल्यासारखं झालं.

"ही?" मी म्हटलं. "ही तर अगदीच जुनेर आहे. आणि धड कापड निघेल ते एका मोठ्या तुकड्यापुरतं."

"मंग एकच चौक कर. मधी मोठा. बाकीचं त्याच्या भवती फिरव."

"पण आईचे नऊ होते!"

काकी हसली. "तुज्या आयशीकडं पांढरी धोतरं असतील कुणाची तरी, म्हणून तिनं नऊ केलं. तुज्याकडं नाय. तिनं तिच्या कापडाचं आयकलं, तू तुज्या कापडाचं आयक."

धोतरं आजोबांची होती, हे मला तेव्हा आठवलं.

मला मात्र बाबांची भीती होती. काकीनं त्यावरही तोड काढली. फाटलेली जुनी गोधडी तिनं नव्या गोधडीच्या पोटात घातली आणि वरून टाके मारले. "नऊचं नऊ आत हायत," ती म्हणाली. "बापूस इचारंल तर सांग."

बाबांनी विचारलंच. घडी उलगडून त्यांनी बोटानं मोजायला सुरुवात केली आणि बोट एकावरच थांबलं. मी आतल्या नऊ चौकांचं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि गोधडी ट्रंकेत ठेवून दिली. पेणला परतताना मला काकीचा रागच आला होता. तिनं विचारलं तेव्हा मी "आवडली" म्हणून थाप मारली.

पुढच्या उन्हाळ्यात काकीच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ती मला म्हणाली, "मास्तरीण, तुजी गोधडी बगायची हाय. शिवली तवा मला रंग दिसतच नव्हतं. दोन-तीन वर्सं झाली. उन्हात तर नुसता धुरळा." माश्या, रीतभात, सगळ्या थापा होत्या तर! "सांगितलं असतं तर कोन देनार व्हतं कापडं?" ती म्हणाली.

आता हिला ट्रंकेतली गोधडी कशी दाखवायची? पण नाही म्हणवेना. रविवारी आम्ही गाडीनं रोह्याला गेलो. मी ट्रंकेकडे निघाले तर बाबा म्हणाले, "तिथे नाही," आणि आतल्या खाटेवरून गोधडी घेऊन आले. वापरून मऊ पडली होती.

काकीनं ती अंगणात उन्हात धरली आणि किंचाळलीच, "अगो बाय! ह्यो जांभळा असा व्हता? दिसला असता तर हिरव्याशेजारी लावलाच नसता!"

बाबा कितीतरी महिन्यांनी हसले. मग मधल्या पिवळ्या चौकावर हात ठेवून म्हणाले, "हा तोंडाशी येईल अशी घेतो मी. चुलीपुढची साडी आहे ना ही?"

मी मानेनंच हो म्हटलं.

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही तुकडे तिन्हीसांजेलाच मांडते, माझे डोळे चांगले असले तरी. त्या दिवशी परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती, बाहेरचं हिरवं बघत. कासू स्टेशनात गाडी थांबली तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "तुज्या बापसाला नऊ चौक नको व्हतं गो. त्याला एकच पायजे व्हता."