पहिला ॲम्प्लिफायर

वाशीतल्या वाद्यांच्या दुकानातला तो सेल्समन बोलताबोलता बोटांनी काउंटरवर ठेका धरायचा. गिटारचा एक परदेशी ॲम्प्लिफायर तो रोज मायेने पुसायचा. किंमत विचारली की हसायचा, "आपण नुसता ऐकायचा, भाऊ."

यंदा त्याच कंपनीने स्वस्तातले ॲम्प्लिफायर आणि स्पीकर काढले. कळताच मी दुकान गाठलं. पहिलं खोकं फोडून तो स्वतःच गिटार वाजवत होता. नुसता दणदणाट! गिऱ्हाइकं माना डोलवत होती.

"हा मला द्या!" मी ओरडलो.

"हा विकला."

"कोणाला?"

"मला!" तो लाजला. "इतकी वर्षं लोकांनाच विकले. तुमच्यासाठी दुसरा उघडतो, टेन्शन नको. एवढं गाणं होऊ द्या."

गाणं संपलं, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या दुकानाचे मालक वाजवत होते.