पहिली खोडी कुणाची?

“पिक्चर नुसता दावायचा न्हाई, निकाल लावायचाय,” दिनकरमामा माझ्या दुकानाच्या फळीवर टेकत म्हणाले.

साताऱ्यात माझं छोटं दुकान होतं. सोळा एम.एम.चा प्रोजेक्टर, एक स्पीकर, एक पडदा आणि मी, एवढाच कारभार. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. घरी बसून जुना पिक्चर पुन्हा बघायचा तर तेव्हा माझ्यासारख्याला बोलवावं लागे. थिएटरात चालते ती फिल्म पस्तीस एम.एम.ची, म्हणजे रुंद. तिचीच अरुंद प्रत काढली की ती सोळा एम.एम. तिचा प्रोजेक्टर उचलून एसटीत घालता येतो आणि कुणाच्याही सोप्यात लावता येतो. बारसं असो, जावळ असो, गणपती असो, लोक मला न्यायचे. आणि मागायचे ते जुनंच. नव्या पिक्चरला थिएटर होतं. माझ्याकडे यायची ती तरुणपणी जत्रेच्या तंबूत मांडी घालून पिक्चर पाहिलेली माणसं. हसायची जागा आली की ती माणसं आधीच हसायची आणि पुढचं वाक्य कुणालाच ऐकू यायचं नाही. माझं डोकं फिरायचं, पण धंदा त्याच हसण्यावर चालला होता.

निकाल लावायला मात्र मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

मामा कचेरीत नोकरीला. कुंडलला त्यांची बहीण दिलेली. तिच्या मुलीला, शालनला, त्यांनी फलटणकडचं स्थळ आणलं होतं. मुलगा साताऱ्यातच एका कारखान्यात टर्नर. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. सुपारी फोडायला दोन्हीकडची माणसं कुंडलात जमली. भटजींना यायला उशीर होता. मोकळा वेळ वाईट. कुणीतरी एका जुन्या विनोदी पिक्चरची आठवण काढली.

त्या पिक्चरमध्ये दोन व्याही असतात. ऐन लग्नात मुलाचा बाप मुलीच्या बापाचा फेटा विहिरीत टाकतो. मुलीचा बाप नवरदेवाचा घोडा उसात दडवून ठेवतो. सगळा पिक्चर या दोन खोड्यांवर उभा आहे. शालनचे वडील हणमंतराव हसून म्हणाले, “आधी त्यो फेटा टाकतोय, मग ह्यो घोडा दडिवतोय.” मुलाचे वडील तात्या म्हणाले, “न्हाई. घोडा आधी. फेटा मागनं.”

एवढंच. पण एक मुलीचा बाप, दुसरा मुलाचा, आणि पिक्चरमध्येही तेच. पहिली खोडी कुणी काढली हा प्रश्न पडद्यावरनं उतरून सोप्यात येऊन बसला. हणमंतराव फौजेतले रिटायर हवालदार. ते म्हणाले, “म्हंजे मी खोटं बोलतुय?” तात्यांच्या बाजूचा कुणी म्हणाला, मुलीकडचेच आधी कुरापत काढतात, सगळीकडं तसंच असतं. मग काय विचारता. भटजी आले तेव्हा सुपारी ताटात होती आणि पाहुणे दारात चपला शोधत होते.

“आता दाजी म्हणत्यात, पिक्चर आणा. तात्या म्हणत्यात, आणाच. दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत हाय,” मामा म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. कारण दोघंही खरं बोलत असणार हे मला बसल्या जागी कळलं होतं. दुकान काढायच्या आधी मी फिरत्या टॉकीजच्या तंबूत ऑपरेटर होतो. तंबूचा मालक जत्रेच्या हंगामात एकाच प्रिंटवर दोन गावांत खेळ लावायचा. इथलं रीळ संपलं की डब्यात घालून सायकलवरचा गडी ते दुसऱ्या गावाला पोचवायचा. वाटेत सायकल पंक्चर झाली तर ऑपरेटरनं हाताशी असेल ते रीळ लावायचं. पडदा कोरा ठेवला तर लोक तंबू फाडतात. गोष्ट मागंपुढं झाली तर कुणी काही फाडत नाही. घोडा आधी आला काय आणि फेटा आधी आला काय, लोक तेवढेच हसायचे. एका गावात एक पिक्चर, शेजारच्या गावात त्याचाच उलटा भाऊ. हे मी मामांना सांगितलं.

“मग ह्येच सांगा की दोघास्नी.”

“पटेल?”

“न्हाई पटायचं. डोळ्यानं बघितल्याबिगर दाजी कशाला व्हय म्हणत न्हाईत.”

“बघितलं की एक जण खोटा पडणार, मामा. खोटा पडलेला माणूस सुपारी फोडेल का?”

“म्हनून तर तुमच्याकडं आलू. तुमी जरा त्ये रीळ मागंफुडं...”

“कुणाच्या बाजूनं?”

मामांनी याचा विचार केलाच नव्हता. मी स्पष्ट सांगितलं की तंबूत असताना पोटासाठी खूप रिळं उलटी लावली, आता स्वतःच्या दुकानात लावणार नाही. पिक्चर जसा आहे तसा दाखवीन. पुढचं तुमचं तुम्ही बघा. मामांचा चेहरा उतरला. जाताना म्हणाले, “पोरीच्या मनात लय हाय वो त्यो मुलगा.” हे त्यांनी आधी सांगितलं असतं तरी मी तेच बोललो असतो, पण जरा हळू बोललो असतो.

प्रिंट सांगलीच्या एजंटाकडे मिळाली. त्यानं गंजके डबे पुढं ढकलले. “जपून. एकच प्रिंट आहे.”

“पूर्ण आहे ना?”

“मोठी तीन रिळं, ओके आहे,” तो म्हणाला. हा माणूस कशालाही ओके म्हणायचा.

तिथनं एसटीनं कुंडल. हणमंतराव फेटा बांधून दारातच उभे होते. प्रोजेक्टरची पेटी त्यांनी स्वतः उतरवून घेतली आणि कानाशी येऊन म्हणाले, “आपरेटर सायेब, फेटा आधी. ध्यानात असू द्या.” दुपारी फलटणकडची माणसं आली. तात्या पान लावून देत म्हणाले, “तुमी जाणतं मानूस. घोडा आधी हाय, तुमास्नी काय सांगायचं.” मी पान खाल्लं आणि डबे घेऊन आत गेलो.

खेळाआधी प्रिंट हातानं तपासायची, ही माझी रीत. रिवाइंडर म्हणजे दोन हँडलची चौकट. एका बाजूनं फिल्म सोडायची, दुसऱ्या बाजूला गुंडाळायची, आणि मध्ये कडा बोटांत धरायची. कडेचं एखादं भोक फाटलेलं असेल तर बोटाला लागतं. आतल्या खोलीत खिडकीशी बसून मी हे करत होतो. दुसऱ्या रिळात वरात आली. फिल्म उजेडाला धरून बघू लागलो. आता फेटा येतो की घोडा, मलाही उत्सुकता होती.

दोन्ही आले नाहीत. वरात मांडवाच्या दारात येते आणि पुढच्याच चित्रात दोन्ही व्याही एकमेकांना मिठी मारून उभे.

पुन्हा मागं नेलं, पुन्हा पाहिलं. फिल्म तुटली असती तर जोड दिसला असता. जोड नव्हता. म्हणजे प्रत काढतानाच पिक्चर छोटा केला होता. घरगुती खेळासाठी काही प्रिंटा अशा निघत. लोकांना उशीर नको, डबे जड नकोत, म्हणून कुणीतरी शहाणा कात्री घेऊन बसायचा. त्या शहाण्यानं नेमका पिक्चरचा जीव कापून टाकला होता. दोन गावांची माणसं बाहेर बसलेली आणि ज्यासाठी जमली तेच माझ्या डब्यात नाही.

तेवढ्यात शालन चहा घेऊन आली. मॅट्रिक झालेली, उभ्या उभ्या माणूस वाचणारी मुलगी.

“काय झालं वो काका? तुमचं त्वांड का उतरलंय?”

मी खरं ते सांगितलं. तिनं फिल्म उजेडाला धरायला मागितली. वरात बघितली, मिठी बघितली.

“म्हंजे ह्यात भांडाण न्हाईच?”

“नाही.”

“आन् लगीन लागतंय?”

“लागतं. शेवटच्या रिळात.”

ती पहिल्यांदाच हसली. “मग लावा की. कुणाला काय बोलू नगा. आमचं आबा पडलं हवालदार, तुमास्नी लय बोलत्याल, तेवढं सोसा.”

मी म्हटलं, बोलणी खायची मला सवय आहे. ते खोटं नव्हतं. पण उद्या हे लग्न मोडलं तर कुंडलात माझं नाव सुपारीच्या ताटासकट निघणार होतं. त्याहून वाईट वाटलं असतं ते या मुलीचं.

दिवेलागणीला अंगणात पडदा बांधला. पहिलं रीळ मजेत गेलं. माणसं नेहमीप्रमाणं आधीच हसत होती. दुसरं लावलं. वरात दिसताच सगळे गप्प झाले. हणमंतराव सरसावून बसले. समोर तात्याही सरसावले. वरात मांडवाच्या दारात आली आणि दोन्ही व्याह्यांनी मिठी मारली.

“थांबवा,” दोघं एकदम म्हणाले.

दिवा लागला. “फेटा कुठाय?” हणमंतराव. “घोडा कुठाय?” तात्या. मी प्रिंटा कशा छोट्या करतात ते सांगू लागलो. कुणी ऐकेल तर शपथ.

“हवालदार, ह्यो मानूस आपल्याला येड्यात काढतोय,” तात्या म्हणाले.

“बराबर बोलला तात्या तुमी. ह्येनं कापलंय,” हणमंतराव म्हणाले.

दोघांनी मिळून बॅटरीच्या उजेडात माझे डबे तपासले. एक डबा धरी, दुसरा आत बघे. दोघांनी मिळून माझी अक्कल काढली. मीही तापलो. म्हटलं, “असला काही सीन पिक्चरमध्ये होता हे तरी कशावरनं?” हे मी रागानं बोललो. शहाणपणानं बोललो असं नंतर मामांनी गावभर सांगितलं, पण ते खरं नाही.

“कशावरनं?” तात्या उसळले. “आवं, मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. ह्यो हवालदार असा हुबा. आन् त्यो असा फुडं येतोय, आन् असा हात घालतोय...”

आणि बोलण्याच्या भरात त्यांचा हात खरोखरच हणमंतरावांच्या फेट्यावर पडला.

फेट्याला हात म्हणजे अब्रूला हात. या भागात त्यावरनं पिढ्यापिढ्यांची बोलणी बंद झालेली आहेत. तात्यांनाही ते त्याच क्षणी कळलं. हात तसाच राहिला. हणमंतराव हलले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात शालन उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले होते.

मग हणमंतराव हळूच म्हणाले, “थांबलासा का? आता हिरीत टाका की.”

तात्यांनी तो फेटा दोन्ही हातांनी नीट बसवला. सुटलेलं टोक खोचलं.

“न्हाई टाकायचा,” ते म्हणाले. “पिक्चरमधला न्हाई ह्यो. माझ्या व्याह्याचा हाय.”

सुपारी फुटली नव्हती, तरी व्याही म्हटलं गेलं. हणमंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, आणि मी उगाच लेन्स पुसत बसलो. दिनकरमामा मात्र कचेरीत मुरलेला माणूस. संधी आली की सही घ्यायची हे त्यांना पाठ. “ताट आणा, ताट आणा,” म्हणत ते आत पळाले. त्याच अंगणात, माझ्या प्रोजेक्टरच्या दिव्यात, सुपारी फुटली. मग लोकांनी पिक्चर पुन्हा पहिल्यापासून लावायला लावला. वरात आली तशी दोघं व्याही उठले आणि जे पडद्यावर नव्हतं ते त्यांनी सगळ्यांना करून दाखवलं. घोड्याचं काम मामांना करावं लागलं.

पुढं सांगलीत मला तो पिक्चर एका थिएटरात सकाळच्या खेळाला पूर्ण बघायला मिळाला. पहिली खोडी कुणी काढली हे आता मला माहीत आहे. शालनच्या मुलाच्या जावळाला दोघांनी मला कोपऱ्यात घेऊन तेच विचारलं. एका खांद्यावर एकाचा हात, दुसऱ्यावर दुसऱ्याचा.

“ते रीळ अजून मिळालं नाही,” मी म्हणालो.

“मिळालं की लगीच आणा,” हणमंतराव म्हणाले. तात्या म्हणाले, “आणाच.”

एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी एवढंच शिकलो, की प्रत्येक रीळ लावायलाच हवं असं नाही. काही डब्यातच बरी.