औंढ्याची माणसं कुठे गेली

शालनताईंचं कॉम्प्युटरमधलं काम लाईटच्या झटक्याने गेलं नव्हतं. ते मी घालवलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, घरीसुद्धा नाही.

मी लोणावळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. शालनताईंचं कुसगावात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, शर्यतींचे फ्लेक्स. त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "भाऊ, स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय. आणि औंढ्याचे आबा पुढ्यात येऊन बसलेत."

आबांच्या नातीची लग्नपत्रिका संध्याकाळपर्यंत प्रेसला जायला हवी होती. पहिली पत्रिका दुसऱ्या दिवशी ग्रामदेवतेपुढे ठेवायची आणि मग वाटायला सुरुवात करायची, असं ठरलेलं.

मी पोचलो. अपडेट अर्ध्यात अडकला होता. अशा वेळी सोपा इलाज म्हणजे रिस्टोर पॉइंट. कॉम्प्युटर नीट चालत असताना सिस्टीमची आणि सेटिंगची एक आठवण जपून ठेवतो. बिघडला की त्या आठवणीपर्यंत मागे जायचं. मी उघडून पाहिलं. एकही पॉइंट नव्हता.

नसणारच. काही महिन्यांपूर्वी ताई म्हणाल्या होत्या, डिस्क भरलीय, मशीन रडतंय. तेव्हा जागा करायला मी सगळे पॉइंट पुसले आणि नवे बनू नयेत म्हणून ती सोयच बंद केली. परत चालू करायची राहिली. डिस्क रिकामी दिसली की मला बरं वाटतं. जुना रोग आहे.

"होईल ना, भाऊ?"

"होईल की."

मग रिसेट केला. त्यात फाइल्स राखायचा पर्याय असतो. प्रोग्रॅम आणि सेटिंग मात्र नव्याने होतात. जुन्या सिस्टीमचं सामान एका फोल्डरमध्ये बाजूला पडून राहतं, काही राहिलंच तर शोधता यावं म्हणून. मशीन चालू झाल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर तो फोल्डर उडवला. जागा झाली. प्रोग्रॅम टाकले, फॉन्ट टाकले, मराठी कीबोर्ड लावला आणि खुर्ची ताईंना दिली.

ताईंनी 'औं१' टाइप केलं, स्पेस दिली. स्क्रीनवर 'औं१' तसंच. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

"भाऊ, माझी माणसं कुठे गेली?"

"कुठली माणसं?"

"औंढ्याची."

ऑटोकरेक्ट म्हणून एक सोय असते. चुकीचा शब्द ती आपोआप सुधारते. ताईंनी ती भलत्याच कामाला जुंपली होती. 'औं१' लिहिलं की आबांची अख्खी भावकी मानाप्रमाणे स्क्रीनवर उतरायची. आधी कोण, मग कोण, कै. कोणाला, आणि कोणाला कोणाशेजारी घालायचं नाही. सोमाटण्याला 'सो१', कुसगावाला 'कु१'. पत्रिकेगणिक सुधारत आणलेलं, वर्षांचं काम. हे सगळं सेटिंगच्या एका चिमुकल्या फाइलमध्ये होतं. फाइल मी उडवलेल्या त्या फोल्डरात होती. आणि तिच्या जागेवर आता मीच टाकलेले प्रोग्रॅम बसले होते, म्हणजे परत मिळायची आशा नाही.

"लाईटचा झटका बसलाय," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

"व्हय, हितली लाईट लय वंगाळ," आबा लगेच म्हणाले. "आमचा टीव्ही बी तसाच गेलता."

साक्षीदार मिळाला आणि माझं खोटं पक्कं झालं.

जुन्या पत्रिका होत्या, पण त्यातून नावं कॉपी करता येत नव्हती. प्रेसला देताना अक्षरांचे कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात. वाचता येतात, उचलता येत नाहीत. मग मी जुनी पत्रिका बघून वाचायला लागलो आणि ताई टाइप करायला लागल्या. दुसऱ्याच नावाला आबांनी हात वर केला.

"थांब. त्यो न्हाई आता. कै. लाव."

ताईंनी लावलं. मी पुढे वाचलं. "पांडुरंग... आणि सोपान पार खाली? सख्खे भाऊ ना?"

"बांधाच्या भांडणावरून बोलत नव्हते," ताई म्हणाल्या.

"आता बोलत्यात. परवा एकाच गाडीवर लोणावळ्याला गेलते. घाल शेजारी."

"नक्की, आबा? मागे नाव खाली गेलं म्हणून तुमचे मेव्हणे जेवले नव्हते. ते माझ्यावर आलं होतं."

"घाल गं. पर मदला कॉमा जरा जाडा दे."

ताईंना हसू आवरेना. मीही हसलो.

पत्रिका वेळेत गेली. लग्नाला मलाही बोलावणं होतं. पांडुरंग आणि सोपान एकाच पंगतीला बसले, एकमेकांना जिलबीचा आग्रह करत. आबा मला म्हणाले, "लाईटीनं लय बेस काम केलं बघा. जुनं तसंच छापलं असतं, तर हे दोघं पुन्ना तोंड फिरवून बसले असते."

मी जिलबी खाल्ली.

त्यानंतर ताईंनी झटक्याच्या धास्तीने यूपीएस घेतला. माझ्याकडूनच. नको म्हणायला कारण तरी काय देणार होतो?

आता त्यांच्याकडे रिस्टोरची सोय चालू आहे. पण तिच्या भरवशावर राहून चालत नाही. ती सिस्टीम सांभाळते, ताईंची माणसं नाही. म्हणून ती चिमुकली फाइल मी वेगळी पेनड्राइव्हवर घेतो. मिनिटभराचं काम आहे, तेव्हाही तेवढंच होतं. आणि काहीही पुसण्याआधी विचारतो, यात तुमचं काय आहे? कॉम्प्युटर ते सांगत नाही.

औंढ्याची माणसं परत आली. सोमाटण्याची अजून अर्धीच आहेत. तिथलं लग्न निघालं की मी कुसगावात टाइप करायला जाऊन बसतो. ताई चहा मागवतात. म्हणतात, "तुम्ही कशाला येता, भाऊ? तुमची का चूक आहे?" तेवढ्यात लाईट गेली, तर टेबलाखाली यूपीएस बीप बीप करतो आणि ताई कौतुकाने त्याच्याकडे बघतात.

सोमाटण्याची उरलेली नावं भरून देणं माझ्याकडे लागतं. आणि ती करणी लाईटची नव्हती, माझी होती, हे ताईंना समोर बसून सांगणंही.