मनगटावरची आई

माझ्या मेसवर जेवणारी पोरं दोन दिवसांत माझी भाषा शिकतात. बोट हवेत गोल फिरवलं की पोळी, तळहात आडवा धरला की बास. वरण पातळ झालं की मेली पोहल्यासारखे हात मारतात आणि मी पळी उगारते. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले तशी आम्ही नवरा-बायकोनं पुढच्या दोन खोल्यांत ही मेस टाकली. ह्यांना ऐकू येतं, मला जन्मापासून नाही. डॉक्टर व्हायला आलेल्या ह्या पोरांना आठवडा झाला की एकच खूण हवी असते. "मावशी, आईला काय करायचं?" तेवढं मला ओठांवरून कळतं. मी नाकाला बोट लावून चमकी दाखवते. ती आमच्या बहिऱ्यांच्या शाळेतली खूण, सगळ्यांच्या आयांना चालते. माझ्या आईची खूण मात्र मी कुणाला देत नाही.

डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं, दोनदा. ही माझी आई. भूकंपात ती भिंतीखाली गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिचा फोटो नाही, लुगड्याची चिंधीसुद्धा नाही. औशाकडच्या आमच्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये, मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढेच उरलो. आमच्या दोघांच्या विसेक घरगुती खुणा होत्या. पाणी, भाकरी, म्हैस, झोप. आणि मनगट म्हणजे आई. मनगटच का, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

पुढं आप्पांनी मला नांदेडला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत घातलं. ऐकणाऱ्यांना वाटतं सगळे बहिरे एकच भाषा बोलतात. डोंबल! वसतिगृहात प्रत्येक पोरगी आपल्या घरच्या खुणा गाठोड्यात बांधून आली होती. एकीचं पाणी दुसरीची आंघोळ. आम्ही पोरी जेवणं झाली की ओट्यावर बसून एकमेकींच्या खुणा तपासायचो. लोह्याच्या पोरीची आई म्हणजे कपाळभर कुंकू. देगलूरच्या पोरीची आई म्हणजे पाठीत धपाटा, आणि ते दाखवताना ती स्वतःच डोळे मिटायची. रेणापूरची पोरगी उठून लंगडत चालून दाखवायची. मला काय मजा वाटायची! न बघितलेल्या बाया समोर येऊन उभ्या राहायच्या.

मग माझी पाळी आली. मनगट. सगळ्या अंदाज करायला लागल्या. घड्याळ? बांगड्या? गोंदण? भाजल्याचा डाग? मला एकाचंही उत्तर येईना. माझ्याकडं आईचं एवढंच शिल्लक होतं आणि ते काय आहे तेच मला माहीत नव्हतं. लाज वाटली, आणि मग डोक्यात किडाच शिरला.

विचारायचं कसं? घरच्या खुणांत 'काय' होतं, 'कुठं' होतं, 'का' नव्हतंच. म्हशीला पाणी पाजायला 'का' लागत नाही. शाळेत ती खूण मी नवीनच शिकले होते. आप्पांना लिहून दाखवावं तर ते अंगठाबहाद्दर, आणि मिशा अशा की ओठ शोधावे लागायचे.

महिन्यातल्या एका रविवारी ते एस्टीनं यायचे. धपाट्यांचं गाठोडं, वरून सुतळीनं करकचून बांधलेलं. मी मनगटावर बोटं मारली आणि शाळेतला 'का' केला. त्यांनी नीट बघितलं, मान डोलावली. हाव, हाव. गडी अगदी समजल्यासारखा परत गेला, आणि पुढच्या महिन्यात डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आला! मी पाय आपटले. तोंड फुगवलं. बांगड्या मात्र घातल्या.

तिसऱ्या खेपेला मी अक्कल लढवली. त्या रविवारी लोह्याच्या पोरीची आई आली होती. मी पोरीला खूण करायला लावली आणि तिच्या आईच्या कुंकवाकडं बोट दाखवलं. आप्पा हसले. मग रेणापूरची आई फाटकातून लंगडत आली, ती दाखवली. आणि मग माझं मनगट, आणि रिकामा तळहात.

आप्पांचं हसू गेलं. ते लिंबाखाली बसले. गाठोड्याची सुतळी सोडली, एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या. मग उकिडवं बसून नुसत्या हातानं खुरपायला लागले. खुरपत खुरपत पुढं सरकले, सुतळी ताणली, आणि माझ्या मनगटाला दोन हिसके बसले. मी वर बघितलं. हाक मारून उपयोग नाही अशी पोर. शेतात आई मला अशी बोलवायची.

मी त्यांच्याकडं बोट केलं: मग ही खूण तुम्ही केलीत?

त्यांनी मान हलवली. न्हाई. हात जमिनीपासून तीनेक फुटांवर धरला: एवढी पोर. डोक्यावर दोन्ही हातांनी पत्रा केला. ती पोर मनगटावर दोनदा बोटं मारते आणि दाराकडं बघते. शेडमध्ये आलेल्या प्रत्येक बाईपुढं जाते, मनगट दाखवते. मग बापापुढं येते. पुन्हा मनगट. आप्पांनी तेव्हा फिरवलं असेल तसं तोंड फिरवलं, आणि न बघताच माझ्याकडं बोट केलं.

खूण मी केली होती. आई कुठाय, असं मी दिवसचे दिवस विचारत होते, आणि उत्तराला त्यांच्याकडं खूण नव्हती.

आप्पा गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागले. खांदे गदागदा हलत होते. बापाला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला काय करावं कळेना. हाक मला मारता येत नव्हती. सुतळी अजून दोघांच्या मनगटाला होती.

मी ती दोनदा ओढली. त्यांनी वर बघितलं.