कोमल घरी नाही

मावळातल्या तिकोणा पेठ या गावात कोणाकडे पाहुणा आला, की त्याला भिमाजीचं घर दाखवतात. बॅडमिंटनमध्ये भारताकडून खेळणारी कोमल त्या घरातली. भिमाजी मात्र अनोळखी माणूस दिसला की मागच्या दाराने गोठ्यात जातो.

माणूस मुळात भित्रा. पवना धरणात त्याच्या वडिलांची जमीन गेली. वडिलांनी कुठल्याशा कागदावर अंगठा उठवला आणि ती गेली, असं त्याने लहानपणी ऐकलं, त्याचा धसका कायमचा बसला. उरलेला तुकडा पवनेच्या पाण्यासमोर, त्यामुळे त्यावर बंगलेवाल्यांचा डोळा. एजंट भल्या पहाटे गाडी घेऊन येतात, माणूस शेतावर निघायच्या आत गाठायला. त्यांच्यासाठी घरात एक रीत ठरलेली होती. कोणाचंही नाव विचारलं, तरी तो माणूस घरी नाही.

मुलीचा खेळही त्याने कधी धड पाहिला नाही. शाळेत असताना ती कुसगावला मावशीकडे राहून लोणावळ्यात सरावाला जायची. पुढे पुणं झालं, मग परदेश. सामना असला की त्याची बायको नंदाबाई फोन समोर धरून बसायची आणि हा बांधावर जाऊन उभा राहायचा. जिंकली तर नंदाबाई हाक मारायची. हाक आली नाही, की तो तसाच गवत कापायला लागायचा.

गेल्या हिवाळ्यात कोमल मलेशियातल्या स्पर्धेहून थेट घरी आली. जेवताना तिने आईला समजावून सांगितलं. तिच्या पातळीच्या खेळाडूंनी रोज एक ठरावीक तास आपण कुठे असू ते आधी कळवायचं असतं. त्या तासात उत्तेजक चाचणीवाले न सांगता कधीही येतात आणि लघवीचा नमुना नेतात. खेळाडू सापडला नाही, तर चूक नोंदवतात. वर्षात तीन चुका झाल्या की बंदी, दोन वर्षांपर्यंत. तिच्या दोन झाल्या होत्या. एकदा विमान चुकलं, एकदा पत्ता बदलायचा राहिला. उद्यासाठी तिने घरचा पत्ता आणि सकाळचा सात ते आठचा तास दिला होता.

"माझा काय डोळा उघडायचा न्हाई. कोनी आलं तर उठव," ती म्हणाली.

भिमाजी तेव्हा गोठ्यात होता.

सकाळी नंदाबाई, लगेच परतायचं म्हणून भिमाजीला काही न सांगता, दूध घालायला डेअरीवर गेली आणि धुक्यातून एक पांढरी गाडी येऊन थांबली. एक बाई आणि एक पुरुष उतरले. पुरुषाच्या हातात पेटीसारखी बॅग. भिमाजी गोठ्याकडे न जाता दारात आडवा उभा राहिला. बाईने विचारलं, कोमल इथेच राहतात ना, त्यांना भेटायचं आहे. वर्षापूर्वी त्याने सातबाऱ्यावर मुलीचं नाव चढवलं होतं. तेव्हापासून एजंट तिचीही चौकशी करू लागले होते.

"कोमल घरी न्हाई," तो म्हणाला.

"कुठे गेल्यात?"

"पुन्याला."

एवढं ऐकून एजंट निघून जातात. हे दोघे गेले नाहीत. रस्त्यावर गाडीत जाऊन बसले. भिमाजीने दाराला बाहेरून कडी घातली आणि तो पायरीवर बसला. आत पोरगी एकटी झोपलेली. बॅगेत कागद असतील, सही घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. थोड्या वेळाने बाई पुन्हा आली, नक्की नाहीत ना, म्हणाली. कोमलला जाग येऊ नये म्हणून तो हळू आवाजात बोलला, पण बोलला तेच.

नंदाबाई रिकामी किटली घेऊन परतली, तोवर ऊन पायरीपर्यंत आलं होतं. तिने गाडीकडे पाहिलं, मग कडीकडे.

"कोन हाय ती?"

"जमीनवाली. कोमलला इचारत्यात. न्हाई म्हनून सांगितलं."

"अवं, तिच्या गळ्यात फोटोचा पट्टा हाय. एजंट पट्टा घालून येतोय व्हय?" नंदाबाईचा आवाज एकदम खाली गेला. "काय केलंत तुमी. ती तपासणीची मानसं हायेत. पोरीचा खेळ बंद करत्याल."

भिमाजी कडी काढायला गेला. नंदाबाईने त्याला बाजूला सारून ती काढली. तिकडे गाडीचं इंजिन सुरू झालं.

कोमल आतून धावत आली तेव्हा गाडी वळत होती. भिमाजी बांधावरून आडवा पळाला आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. गाडी गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबली. बाई खाली उतरली. तिने घड्याळ पाहिलं.

"तास संपला नाही अजून. गाडी फक्त वळवून लावत होतो," ती म्हणाली. "पण तुम्ही दोनदा नाही म्हणालात."

"खोटं बोललो. ल्ह्यायचं तर माझं नाव ल्ह्या. भिमाजी. पोरीचं ल्हिऊ नका."

 बाई कोमलबरोबर घरात गेली.

भीतीने कोमलला लघवी होईना. भिमाजीने तांब्या भरून आणला, तर बाईने अडवलं; प्यायचं ते त्यांच्याकडच्या बंद बाटलीतलंच. तो तांब्या घेऊन अंगणात बसून राहिला. आपल्या घरचं पाणीसुद्धा पोरीला बाधू शकतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. कितीतरी वेळाने ते दोघे पेटी घेऊन गेले.

कोमल येऊन पायरीवर बसली. तो बोलणी खायला तयार होता. ती एवढंच म्हणाली, "आबा, मी सत्तावीसची हाय. दोन वर्सांनी मला कोन घेनार हुतं?"

"परत येत्याल?"

"व्हय. कदीबी."

आता कोमल घरी असली, की भिमाजी पहाटेपासून पुढचं दार सताड उघडून पडवीत बसतो. गाडीचा आवाज आला की नजर गोठ्याकडे जाते, तरी जागचा हलत नाही. आधी आत हाक मारतो, मग कोण आहे ते विचारतो.

"गार वारं येतंय. कुत्री घरात शिरत्यात," नंदाबाई कुरकुरते.

"शिरू दे," तो म्हणतो.