देवीने मला पायथ्याशीच थांबवले

गेल्या नवरात्रात माझी श्रद्धा पार डळमळली होती. उजवी मांडी कित्येक महिने ठणकत होती. शीर आखडली असेल म्हणून लेप झाले, शेक झाला, पण आराम पडेना. एवढी वर्षे जिची मनोभावे सेवा केली, ती माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही, असे वाटू लागले. शेवटी हट्टाला पेटले. अंबडच्या देवीची टेकडी चढायची आणि तिला समोरासमोर जाब विचारायचा! मुलगा नको म्हणत होता, तरी त्याला घेऊन निघाले.

पहिल्याच पायरीवर मांडीत अशी कळ आली की मी कठडा घट्ट धरला. शेजारी एक अनोळखी बाई काठी टेकून बसली होती. तिने माझ्याकडे निरखून पाहिले.

"मावशी, मांडी दुखून राह्यली का? हाडाच्या ठिसूळपणाची गोळी चालू हाये का तुम्हाला, हप्त्यातून एक?"

मी चकित झाले. "हो. बरीच वर्षं झाली."

"मंग वर जाऊ नका. माझंबी असंच दुखत होतं. पडले न्हाई, धडपडले न्हाई, वाटूरच्या स्टँडवर उभ्या उभ्या मांडीचं हाड मोडलं. आधी दवाखान्यात हाडाचा फोटो काढा."

"देवीच्या दारातून परत जाऊ?" मला रागच आला.

"देवी कुठं पळून चालली?" ती हसली. "जा जल्दी."

तिच्या त्या हसण्याने माझा हट्ट विरघळला. तिथूनच हात जोडले आणि जालन्याचा दवाखाना गाठला. एक्स-रे पाहताच डॉक्टरांनी मला खुर्चीतून उठूच दिले नाही. मांडीच्या हाडाला बाहेरच्या अंगाने तडा गेला होता. ती गोळी वर्षानुवर्षे घेतल्यावर क्वचित कुणाला असे होते, म्हणाले. "आजी, पायऱ्या चढला असता तर हाड तिथंच मोडलं असतं." दुसरी मांडीही तपासली, ती शाबूत निघाली. गोळी त्यांनी बंद केली आणि हाडाच्या आत सळई घालून वरखाली स्क्रूने पक्की करायचे ठरले.

ऑपरेशनच्या टेबलावर मी देवीकडे काहीच मागितले नाही. फक्त म्हटले, तू बघ. इतके हलके मला कधीच वाटले नव्हते.

ती बाई कोण, मी नावही विचारले नाही. ती देवी होती की वाटूरची एक भली बाई, या खोलात मी शिरत नाही. मी जाब विचारायला निघाले होते आणि कृपा नकार होऊन आली, एवढेच मला कळते. तिच्यापुढे हट्ट सोडला, तेव्हाच माझा पाय वाचला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून मला उभे केले. भीतभीत पाय टेकवला. टाके दुखले, पण ती जुनी कळ? नव्हती! मला हसू आवरेना, डोळेही भरून आले.

"आई, बस आता, दमशील," मुलगा म्हणाला.

"थांब रे," मी म्हटले, "अजून एक पाऊल टाकू दे."